पान पाहा, मग पाणी द्या

टिलँड्सिया ही अननसाच्या कुळातील, अमेरिका खंडांतील वनस्पती. ती झाडाच्या फांदीवर वाढते. पण बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाही. तिची मुळे केवळ आधारापुरती. पाणी शोषतात पानांवरील सूक्ष्म खवले!

म्हणून रोप निवडताना पान पाहा. रुपेरी पानावर खवले दाट असतात. अशी झेरोग्राफिका जात कोरड्या, उजेडाच्या जागी तग धरते. हिरव्या पानावर ते विरळ. अशा बल्बोसा जातीला सावली व दमट हवा मानवते.

दोन्हींची पर्णरंध्रे रात्री उघडतात. पाने ओली असतील तर कार्बन डायऑक्साइड आत शिरणार कसा? म्हणून पाणी सकाळी द्या व रोप उलटे धरून झटका. बेचक्यात पाणी साचले की ते कुजते.

आता सांगा : हे रोप मातीत पुरले तर काय होईल?