प्रभूने यहूदाचेही पाय धुतले

शास्त्रपाठ : योहान १३:१–१७, लूक १७:११–१९



शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. आपल्याला कोण धरून देणार हे त्याला ठाऊक होते. तरी यहूदाचे पाय त्याने वगळले नाहीत. अशी क्षमा गुडघे टेकून सेवा करते.

आपल्या जालन्यातही याचा कित्ता आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण म्हणून असलेला मान गेला, जात गेली. पुढे जालन्याला येऊन त्यांनी, समाजाने अस्पृश्य मानलेल्या मातंग बांधवांमध्ये सेवा केली. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी जालन्याजवळ गाव वसवले व त्याला बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’, हे नाव दिले. उंच जागा सोडली तेव्हाच ते त्यांचे शेजारी झाले.

आदिवासी पाड्यावर मदत नेताना आपलीही परीक्षा होते. कोणी आभार मानले नाहीत, तर मन खट्टू होते का? दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परतला. तरी शुद्ध दहाही जण झाले. आपले मोठे ऋण प्रभूने आधीच माफ केले आहे. म्हणून पाड्यावर जाताना उपकारस्तुती आपल्या ओठी असावी.

मननासाठी :
१. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्याच्यासाठी या आठवड्यात मी कोणते काम करीन?
२. मदत घेणाऱ्याच्या शेजारी मी जमिनीवर बसतो का?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला वाकायला शिकव. आमेन.