गर्भातील आनुवंशिक आजार : कुटुंबाला हवी एकत्रित साथ

गर्भातील बाळाला गंभीर आनुवंशिक आजार असल्याचे निदान झाले की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात : हे का झाले, आणि आता काय करावे? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा शास्त्र देऊ शकते. दुसऱ्याचे मातेनेच द्यावयाचे असते, आणि त्यासाठी हाती मोजकेच आठवडे असतात. नारायणगावहून आज पुण्याला एका तज्ज्ञाकडे, आठ दिवसांनी दुसऱ्याकडे, पुढे मुंबईला, अशा फेऱ्यांत तेही सरतात. म्हणून अशा कुटुंबासाठी तज्ज्ञांनी एकत्र बसावे, असा आमचा आग्रह आहे.

थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊ. या आजाराचे वाहक असलेले पती-पत्नी स्वतः धडधाकट असतात. फार तर थोडा रक्तक्षय. मात्र दोघेही वाहक असल्यास त्यांच्या प्रत्येक बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी’ हा हिशेब खरा नव्हे. प्रत्येक गरोदरपणी शक्यता तेवढीच राहते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा नात्यात एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. तरीही दोष सुनेच्याच पदरी पडतो. दांपत्याची संमती असल्यास दोघांचे रक्ताचे अहवाल घरातील वडीलधाऱ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवून समजावणे, हे समुपदेशकाचे काम आम्ही औषधाइतकेच मोलाचे मानतो.

वेळ वाचतो तो पहिल्याच तपासणीत. रक्तगणना आणि हिमोग्लोबिन ए-२ यांवरून पत्नी वाहक आढळल्यास पतीचे रक्त त्याच आठवड्यात तपासावे. दोघेही वाहक असल्यास साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश, किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल तपासता येते. मुंबईत परळ येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या संस्थेत असे निदान होते. ‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द लिंगनिदानामुळे बदनाम झाला, हे खरेच. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, कायदा केला. आजाराच्या निदानासाठी मात्र नोंदणीकृत केंद्रात ही परीक्षा कायदेशीर आहे.

मग एका टेबलाभोवती बैठक. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाची स्थिती सांगतात. बालरोगतज्ज्ञ पुढचे आयुष्य उलगडून दाखवतात : दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, शरीरात साठणारे लोह उतरवण्याची औषधे, जुळणारा दाता मिळाल्यास मूळपेशी प्रत्यारोपण. समाजसेविका खर्चाचा आणि प्रवासाचा विचार करते. केवळ गाडीभाड्यासाठी कोणाची तपासणी अडू नये. समुपदेशकाने सल्ला कमी द्यावा, ऐकावे अधिक.

कायद्यानेही आता हीच रीत स्वीकारली आहे. २० आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर बाळाचा हृदयदोष समजलेल्या एका दांपत्याला २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गर्भदोषासाठी २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मताने गर्भपात करता येतो. त्या मंडळात स्त्रीरोग, बालरोग आणि सोनोग्राफी वा क्ष-किरण तज्ज्ञ एकत्र असतात. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची वा सासरची सही लागत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

निर्णय कोणताही असो, साथ सुटता कामा नये. गर्भ ठेवायचा असल्यास बाळाच्या तपासण्या व उपचारांची आखणी जन्माआधीच व्हावी. दिवस भरत आल्यावर मुलगी माहेरी जाते, तेव्हा कागदपत्रांची फाईल तिच्यासोबत जावी आणि तिकडच्या डॉक्टरांना दूरध्वनीही व्हावा. गर्भपात झाल्यास काही दिवसांत पान्हा फुटू शकतो. बाळ नसताना आलेले ते दूध मातेला हादरवून टाकते, आणि याची कल्पना तिला आधी क्वचितच कोणी दिलेली असते. ती परिचारिकेने द्यावी, पुढील भेटीला घरी जावे, वडिलांशीही बोलावे. दांपत्याच्या अविवाहित भावंडांचे रक्तही याच सुमारास तपासून घेता येते.