अंगणातील गवती चहा

वडोदऱ्याच्या भाजीबाजारात पुदिन्याच्या जुडीशेजारी मिळणारी ‘लीली चा’ म्हणजे आपला गवती चहा. माझ्या दवाखान्यामागील अंगणात त्याचे एक बेट आहे आणि शेजारीपाजारी त्याचे ठोंब मी हौसेने वाटत आलो आहे.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी जुन्या बेटातून मुळांसह फुटवे वेगळे करावेत, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि दीड-दोन फुटांवर, भरपूर उन्हात लावावेत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व त्यामुळे मुळे कुजतात. म्हणून वाळू व शेणखत मिसळून वाफा उंच करावा. तीन-चार महिन्यांनी जमिनीपासून पाच-सहा इंच राखून पात कापावी. पानांच्या कडा धारदार असतात, हे विसरू नये. दर दोन-तीन वर्षांनी बेट फोडून पुन्हा लावावे.

या पातीचा लिंबासारखा सुवास मुख्यतः सिट्रालचा. तो वाफेबरोबर उडून जातो. म्हणून उकळत्या पाण्यात पात टाकून आच बंद करावी, झाकण ठेवावे व पाच मिनिटांनी गाळावे. सर्दीत हे ऊन पेय घशाला आराम देते. मात्र ते न्यूमोनिया बरा करीत नाही.

हे वाक्य मी पूर्वी उच्चारीत नसे. काही वर्षांपूर्वी थंडीत शेजारच्या आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तीन दिवस ताप व खोकला. उपचार केवळ गवती चहाचा. श्वास मिनिटाला बावन्न, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. “डॉक्टर, तुमच्याच अंगणातला चहा, म्हणून निर्धास्त होते,” आजी म्हणाल्या. मूल रुग्णालयात राहून बरे झाले; ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. ठोंब मी दिला होता, मर्यादा सांगितली नव्हती.

तेव्हापासून ठोंबाबरोबर मी श्वास मोजण्याची रीतही देतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाचा श्वास 50 वा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 वा अधिक भरल्यास, अथवा छाती आत ओढली जात असल्यास, विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. दोन महिन्यांहून लहान बाळाला ताप आला, तर मोजत बसूच नये, तत्काळ न्यावे.

व्यवसायबंधूंनो, आपल्या हातून गेलेली साधी पातही रुग्णाच्या घरी औषध ठरते. ती देताना दोन शब्द अधिक बोलावेत, एवढीच विनंती.