विक्रीपूर्वीं कालवडी व खोंड वेगळे राखण्याविषयीं

श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर, हरिहरेश्वराच्या आसपासच्या गांवांत, गुरें राखण्याची रीत भाताच्या पिकाला धरून चालत आली आहे. पावसाळ्यांत खाचरें पिकाखालीं असतात, म्हणून गुरें दाव्याला किंवा गुराख्याच्या नजरेखालीं राहतात. भात कापून झालें कीं तींच गुरें खाचरांत व माळावर मोकळीं सुटतात. रात्रीं गोठ्यांत वेगळ्या दाव्यांना बांधलेलीं जनावरें दिवसभर एका कळपांत हिंडत असतील, तर त्या बांधण्याचा उपयोग तो काय? विकावयाच्या कालवडी नकळत गाभण राहतात त्या बहुधा याच दिवसांत.

आपल्याकडील लहान चणीची कोकण कपिला (हिची स्वतंत्र जात म्हणून नोंद २०१८ सालीं झाली) उशिरां वयांत येते. पुष्कळदां अडीच वर्षेंहि लागतात. त्यामुळें शेतकरी निर्धास्त राहतो. परंतु जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या संकरित खोंडास दहा-बारा महिन्यांतच कालवड फळविण्याची शक्ति येते, व चांगली पोसलेली संकरित कालवडहि वर्षाच्या सुमारास माज दाखवूं शकते. माज न फळल्यास सुमारें २१ दिवसांनीं फिरून येतो. दोन महिने एकत्र चरणें म्हणजे दोन-तीन वेळां संधि देणें होय. ज्यांच्या घरीं दोन्ही प्रकारचीं गुरें आहेत त्यांनीं संकरित खोंडाकडे पाहूनच वेळ ठरवावी, आणि आठ महिन्यांच्या आंत त्यास वेगळें काढावें.

गाभण कालवडीला दाम अधिक येतो, मग बिघडलें काय, असें कोणी म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. पूर्ण वाढलेल्या गाईच्या सुमारें दोन-तृतीयांश वजन होण्यापूर्वीं गाभण राहिलेली कालवड विण्याच्या वेळीं अडण्याची भीति असते, व तिची स्वतःची वाढहि खुंटते. त्यांतून फळविणारा तिचाच भाऊ निघाला तर वासरूं दुबळें निपजण्याचा संभव वाढतो. हें सर्व घेणाऱ्याच्या गोठ्यांत उघडकीस येतें, आणि विकणाऱ्याचें नांव पुढील बाजारापूर्वींच गांवोगांव झालेलें असतें.

खोंडांपैकीं वळू म्हणून राखावयाचा नसेल तो पशुवैद्याकडून चिमट्यानें खच्ची करून घ्यावा. राज्यांत २०१५ पासून बैल व वळू यांच्याहि कत्तलीस बंदी असल्यामुळें खोंडास गिऱ्हाईक मिळावयाचें तें औताकरितां किंवा पैदाशीकरितां. औताचा गरीब स्वभावाचाच बरा. मात्र खच्ची केल्यावरहि सुमारें दीड-दोन महिने त्याच्यापासून कालवड फळूं शकते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तोंवर त्यास कळपांत सोडूं नये. दोन गुराखी परवडत नसतील तर खोंड सकाळीं व कालवडी दुपारनंतर सोडाव्या, किंवा वाडीच्या गडग्याआड खोंडांस पेंढा घालावा.

येथेंच एक सांगणें अवश्य आहे. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळां वांझ निघते. ती पैदाशीची म्हणून विकूं नये.

कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत सांसर्गिक गर्भपाताची लस एकदां टोंचून घ्यावी. खोंडांस ती देत नाहींत. विक्रीचा बेत असेल तर कालवड वेगळी केल्यापासून तीन महिन्यांनीं पशुवैद्याकडून तपासावी, कारण त्याआधीं अगदीं अलीकडचा गर्भ हातास न लागण्याचा संभव असतो. गाभण निघालीच, तर कोणत्या खोंडापासून व अदमासें केव्हां, हें घेणाऱ्यास दावें हातीं देण्यापूर्वीं सांगावें. नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब त्यालाहि करतां येतो.