पाणी आणि खांदा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पोहणे म्हणजे विहिरीतले पोहणे. पाठीला वाळलेला भोपळा बांधून सूर मारायला शिकलेली माझी पिढी. पुढे प्रौढ गटाच्या स्पर्धांत, मालवणला चिवला किनाऱ्याच्या सागरी स्पर्धेतही, मी उतरलो. चाळिशीनंतर उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा या सांध्याचा थोडा अभ्यास करणे भाग पडले. तो येथे मांडतो.

खांदा हा उखळी सांधा, असे आपण शाळेत शिकतो. पण खुब्याची उखळ खोल असते आणि खांद्याची उथळ. गोळा मोठा, वाटी लहान. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो सहज दुखावतो. गोळ्याला जागेवर धरून ठेवतात ते चार लहान स्नायू. त्यांच्या कंडरांच्या वेढ्याला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांतील वरची कंडरा हाडाच्या कमानीखालून जाते. पोहणाऱ्याचा हात हजारो वेळा डोक्यावरून फिरतो, तशी ती घासत जाते.

फाटलेली कंडरा हाडाला टाके घालून बसवतात. मात्र टाके नुसते धरून ठेवतात. सांधण्याचे काम शरीरच करते आणि त्याला साधारण बारा आठवडे लागतात. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत. या काळात दुखणे कमी होते आणि माणूस फसतो, कारण दुखणे थांबणे निराळे आणि कंडरा धरणे निराळे. वाकून हात लोंबता सोडायचा नि हलकेच झुलवायचा, हा लंबकाचा व्यायाम बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरील त्यांचा ग्रंथ १९३४ चा. (फळ्यावर डाव्या हाताने लिहिलेले माझे अक्षर विद्यार्थ्यांनी मोठ्या मनाने वाचले!)

त्यानंतर पाणी. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले की शरीराचा भार सुमारे एकदशांश उरतो. आर्किमिडीजचा नियम तो हाच. जो हात हवेत उचलवत नाही, तो पाण्यावर आपोआप तरंगत वर येतो. पण त्यासाठी पाय टेकतील असे संथ पाणी हवे. आमच्या विहिरीला उथळ बाजू कुठली? म्हणून मला खामगावहून पन्नासएक किलोमीटरवरील अकोल्यास तरणतलाव गाठावा लागला.

या संदर्भात मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण फार मोलाचे वाटते. सांगली जिल्ह्यातील हा सैनिक मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात अडकली. पोहणे त्यांच्याकडे उपचार म्हणून आले. कमरेखालचे बळ गेल्यावर पाणी कापण्याचा भार खांद्यांवरच. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्तशैली ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी. हा उशीर मला खटकतो.

माझे म्हणाल तर आता सातवा महिना चालू आहे. छातीवरचे पोहणे जमते. मुक्तशैलीत उजवा हात पाण्याबाहेर काढताना अजून अडखळतो. फिजिओथेरपिस्टबाईंनी एका वेळी चार फेऱ्यांची परवानगी दिली आहे, तीही घड्याळ न लावता.