पुढचा निर्णय त्यांचा

मी मूळची चंदगडची. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी दिल्लीत बरीच वर्षं होते. विकासपुरीत राहणारी म्यानमारची चिन कुटुंबं आणि भोगल-लाजपतनगरातली अफगाण कुटुंबं, यांच्यात माझा दिवस जायचा. आता गावी आले की चंदगड-हलकर्णीची कॉलेजातली मुलं विचारतात, या कामाला नेमकं काय लागतं? दया लागतेच, पण ती पुरत नाही. घर सुटलं की माणसाच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेऊ लागतात. कुठे राहायचं, काय खायचं, मुलांनी कुठे शिकायचं. ते निर्णय पुन्हा त्याच्या हाती देणं, हे आमचं काम. ते करताना जे कळलं, ते सांगते.

१. आधी कागद बघा

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था सरकार पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमारमधून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्त कार्यालय दिल्लीत करतं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत माणूस आश्रयार्थी, अर्ज मान्य झाला की निर्वासित. मधे वर्षं निघून जातात. हातात कार्ड आलं तरी त्यावर आधार निघत नाही. मग बँकेचं खातं अडतं, सिमकार्ड अडतं, घरभाड्याचा करारही अडतो.

म्हणून नवं कुटुंब आलं की आम्ही प्रथम कागद बघायचो. मुदत कधी संपते? नव्या बाळाचं नाव चढलं का? सगळ्या कागदांवर नाव एकसारखं लिहिलंय का? आणि एक गोष्ट पाठच असावी. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घटनेच्या २१ व्या कलमाचं संरक्षण नागरिक नसलेल्या माणसालाही आहे. पोलीस ठाण्यात जाताना या निकालाचा आधार वाटतो.

२. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका

मुलाखतीत त्यांना सगळं सांगावंच लागतं. घर कसं जळलं, नवऱ्याला कोणी नेलं, आपण सीमा कशी ओलांडली. तेच पुन्हा आम्ही विचारायचं, मग डॉक्टरने, मग देणगीदाराने, हा छळ आहे. कामापुरतं विचारावं आणि नीट लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या कार्यकर्तीला विचारावं लागत नाही.

दुभाषा निवडतानाही विचार लागतो. म्यानमारचा माणूस म्हणजे बर्मी बोलणारा, असं नसतं. चिन लोकांत हाखा, फलाम, तेदिम अशा अनेक भाषा आहेत. अफगाणांत कोणाची दरी, कोणाची पश्तो. बाईचं दुखणं बाईच्याच तोंडून पुढे गेलेलं बरं. आणि मुलाला आईच्या हालांचा दुभाषा कधीही करू नये.

३. त्यांची माणसं तुमच्या आधी पोचलेली असतात

चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत गिरणीत लागलेला आपला पोरगा थेट लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीवर जायचा. ट्रंक ठेवायला कोपरा, पडायला वळकटीपुरती जागा आणि खानावळीचा डबा, एवढ्यावर त्याचा जम बसायचा. विकासपुरीत मी तेच पाहिलं. त्या त्या जमातीची मंडळं, चर्चची माणसं, नव्या कुटुंबासाठी आधीच भाड्याची खोली बघून ठेवत. संस्थेने त्यांच्या जागी जाऊन बसू नये. त्यांना काय कमी पडतंय ते विचारून तेवढं पुरवावं.

४. वस्तू वाटण्यापेक्षा मजुरी मिळवून द्या

ब्लँकेट एका थंडीला पुरतं. माणसाला हवी असते मजुरी, आणि कागद नसलेल्याची मजुरी बुडवणं सगळ्यात सोपं. महिनाभर राबवून घेऊन पैसे न देणारे मालक मी पाहिले. कामाच्या दिवसांची वही ठेवायला शिकवणं आणि वसुलीला चार जणांनी मिळून जाणं, याचा उपयोग कुठल्याही वाटपापेक्षा जास्त झाला.

हिवाळ्यात कोल्हापूर-बेळगावात बसणारा तिबेटी स्वेटर बाजार आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला बराच माल लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर येतो आणि हंगाम संपला की फेडला जातो. तो धंदा पिढ्यान् पिढ्या टिकला तो या पतीवर. दानावर टिकला नसता.

५. शाळा त्यांना चालवू द्या

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने हद्दपार करून सैबेरियात नेलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पण तिथे पोलिश शिक्षकांच्या पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउट पथकं होती, नाटकं होत होती. आपली भाषा आणि आपला दिवसाचा क्रम त्यांनी स्वतः सांभाळला. छावणी १९४८ मध्ये बंद झाली. तिथे वाढलेली मुलं म्हातारपणीही आठवणीने कोल्हापूरला येत राहिली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. चंदगडच्या शाळेची सहल कोल्हापूरला गेली, तर तिथे थांबावं.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले आणि गांधीनगर झालं. कापडाची एवढी मोठी बाजारपेठ त्यांनी कष्टाने उभी केली, हे खरंच. पण भारताचे नागरिक म्हणून त्यांना जमीन घेता आली, दुकान टाकता आलं. माझ्या ओळखीच्या अफगाण शिंप्याच्या हातातही तेवढीच कला होती. नागरिकत्व मात्र नव्हतं.

६. शेजाऱ्याला विसरू नका

निर्वासित स्वस्त खोली शोधत येतो, म्हणजे गरिबांच्याच गल्लीत येतो. तिथे फक्त त्याला काही दिलं, की नळावर भांडण होतं. आरोग्य शिबिर घ्यायचं तर गल्लीतल्या सगळ्यांसाठी घ्यावं. शिवणवर्ग असेल तर शेजारच्या बिहारी, राजस्थानी मुलींनाही बसवावं. रात्री-अपरात्री रिक्षा शोधायला संस्था येत नाही, शेजारीच येतो.

७. खोटी आशा देऊ नका

परत मायदेशी जाणं, आहे तिथेच रुजणं किंवा तिसऱ्या देशात पुनर्वसन, असे तीनच रस्ते मानले जातात. तिसऱ्या रस्त्याने जगातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी शेकडा एकही जात नाही. तरी घरोघरी कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची वाट पाहणं चालूच असतं, आणि त्या आशेवर पैसे उकळणारे दलालही असतात. खरं बोलणं कठीण जातं, पण ते बोलावंच. वाट पाहण्यात मुलाचं शिक्षणाचं वय निघून गेलं, तर ते कोणीही परत देऊ शकत नाही.

या कामात यायचं असेल, तर मुलांनो, कायदा शिका, हिशेब शिका, एखादी परकी भाषा शिका. आमच्याकडे माणसं येत, कारण त्यांचे सगळे रस्ते बंद झालेले असत. आपलं काम नीट झालं की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. त्या कुटुंबाने पुढचा मोठा निर्णय आम्हाला न विचारता, स्वतःच्या मनाने घेतला, तर काम झालं.