मागून बसलेली अ‍ॅम्बेसेडर : आधी पाटे तपासा

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले; तरी जुन्या गाड्या अनेकांनी जपल्या आहेत. वर्षानुवर्षे डिकीत माल वाहून त्या मागून बसतात. मग गिऱ्हाईक शॉकअब्सॉर्बर बदलून घेते. पैसे जातात, गाडी तशीच राहते.

कारण साधे आहे. मागचे वजन कमानी पाटे पेलतात. शॉकअब्सॉर्बर फक्त उसळी आवरतो. म्हणून कारागीर बंधूंनी आधी खातरजमा करावी. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करावी, हवा सारखी भरावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजावे. एकच बाजू खाली असेल तर पाटा तुटला आहे का, शॅकल व बुश झिजले आहेत का, हे पाहावे.

तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. कमान उतरली असेल तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदलावेत, किंवा जाणत्या उस्तादाकडून कमान चढवून घ्यावी. भट्टीत तापवलेल्या पाट्याला नीट पाणी दिले नाही तर तो लवकरच पुन्हा बसतो. जादा पाटा घालणे स्वस्त पडते, पण गाडी कडक होते.

काम करताना बॉडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. यू-बोल्ट नवे घालावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच पक्के आवळावेत, नाहीतर रबर पिळले जाऊन फाटते.

मोजमाप गिऱ्हाइकासमोर करावे. ज्याने दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तो बिलावर हुज्जत घालत नाही.